अकराशे

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. नऊ लाख ऐंशी हजार येन,
कागदपत्रांचे वेगळे.
यासुओकाच्या दुकानात, रेल्वे फाटकाशेजारी,
तेलाच्या डब्यांमागे ती तिरकी उभी होती.
टाकी पिकल्या पर्सिमनच्या रंगाची,
गोल दिवा, दोन गोल तबकड्या, काटे खरेखुरे,
इंजिनाला वाऱ्याने गार होणाऱ्या पातळ पात्या,
आणि पुढून वळून खाली उतरलेल्या चार नळ्या,
जशा एका घरातल्या चार बहिणी
एकामागे एक जिना उतरतात.
बांधा जुना, पोटातलं सगळं अलीकडचं.
"आधीच्या मालकाला जुळं झालं," यासुओका म्हणाला,
आणि भाव एका येनने उतरवला नाही.

मी पोस्टाची हामादा.
एकतीस वर्षं लाल एकशेदहा,
मागे पेटी, पुढे झोळी,
दिवसाला चारशे वेळा थांबणं.
त्या गाडीला क्लचची दांडी नव्हती,
डावा हात मोकळा, पत्रं धरायला.
निवृत्त झाले तरी तो हात
रिकामा असला की अर्धवट उघडाच राहायचा,
कुणी काही ठेवील म्हणून.

मोठ्या गाडीच्या परवान्याला आधी
आडवी पडलेली गाडी उचलून दाखवायची.
नागातोमो सर, माझ्या मुलाहून लहान,
म्हणाले, हातांनी नाही, मांड्यांनी.
अडीचशे किलो. तिसऱ्या खेपेला उठली,
डोंगरातल्या तांबड्या गाईसारखी, आधी मागून.

मग फळी.
पंधरा मीटर लांब, जेमतेम दीड वीत रुंद,
आणि दहा सेकंदांच्या आत पार केली
तर गुण कापणार.
मी दोनदा विचारलं. आतच ना?
म्हणजे अकराशे सीसी हातात द्यायच्या आधी
हे बघतात, तुम्हाला किती हळू जाता येतं.
विशीतली पोरं सहाव्या सेकंदाला खाली.
मी चौदा लावले.
फळीच्या मध्यावर, खोटं कशाला सांगू,
मला ताकेमासांच्या फाटकाची कडी दिसली.

नोव्हेंबर. नियोदो नदीच्या काठाने वर.
तिसऱ्या गिअरात ती ढकलते,
पाठीवर भरला तळवा ठेवून, न बोलता.
बोगदा संपला आणि मी ओरडले.
हेल्मेटच्या आत. काय, ते सांगणार नाही.

पण वस्ती आली की पाय आपोआप ब्रेकवर,
प्रत्येक पत्रपेटीपाशी.
मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन कंटाळला.
निम्म्या पेट्यांच्या तोंडावर आता चिकटपट्टी,
माणसं खाली शहरात, नाहीतर वर टेकडीवर, दगडाखाली.
पट्टी नसलेल्या मोजल्या. बारा.
तेराव्या पेटीत पाखराचं घरटं. ती धरली नाही.

पुढे बिनकठड्याचा पूल.
पुरात नदी याच्यावरून जाते,
तिला अडवायला नको म्हणून कठडाच नाही.
एकशेदहावर मी इथे गुणगुणत जायचे.
आज ओठ घट्ट,
खाली पाणी निळंशार,
आणि दोन्ही हातांना काम.

किकुए ताकेमासा, वय एक्याण्णव, बाहेर आली नाही.
पूर्वी मी खालच्या वळणावर असतानाच यायची,
आवाजावरून.
हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.
इंजिन बंद केलं, कडी वाजवली.
"पत्र आहे?"
नाही.
"मग आलीस कशाला?"

याचं उत्तर घरून आणायला हवं होतं.
ती फाटकाबाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली,
टाकीचा रंग नखाने खरवडून पाहिला,
मग वाकून दोन्ही तळहात
इंजिनाच्या पात्यांसमोर धरले,
शेगडीसमोर धरतात तसे.
निवताना धातू टिक् करत होता.
टिक्. मग बऱ्याच वेळाने, टिक्.
"हे किती वेळ गरम राहतं?"
मी डावा हातमोजा काढला.
माहीत नाही, म्हटलं. बघू.